पाळक घडवणाऱ्या कवीनं मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ भरवला

शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ शिकताना घायाळ पक्षिणीसाठी अनेकांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. ती कविता रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. पण हा कवी पाळक घडवणारा शिक्षकही होता आणि शेवटच्या काळात त्यानं साताऱ्यात एक धाडस केलं होतं, हे फार कमी जणांना माहीत असतं.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणाचं. राजनांदगावला जाताना रेल्वेत एका प्रवाशानं त्यांना बायबलचा नवा करार दिला आणि विचारांना वेगळी दिशा मिळाली. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. याची किंमत मोठी होती. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या. ही सगळी कहाणी त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे.

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. तिथल्या सेमिनरीत, म्हणजे पाळक आणि प्रचारक तयार करणाऱ्या विद्यालयात, ते शिकवत. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

पण एक गोष्ट त्यांना सलत होती. चर्चमधली अनेक गाणी भाषांतरित, चाली परक्या, पैसा आणि अधिकार परदेशी मिशनकडे. अशानं इथल्या माणसाला ख्रिस्त आपला कसा वाटणार? तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असं टिळक मानत. म्हणून त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तनातून ख्रिस्त सांगितला.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही इथं जागा होती. ख्रिस्तावर प्रेम असलं की पुरे. ज्या काळात बाप्तिस्मा म्हणजे घर आणि जात दोन्ही तुटणं, त्या काळात ही मोठी गोष्ट होती.

मात्र प्रयोगाला वेळच मिळाला नाही. ९ मे १९१९ ला मुंबईत टिळकांचं निधन झालं. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. दरबार टिकला नाही, पण महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये टिळकांची मराठी भजनं आजही गायली जातात.