विश्लेषण : दौलताबाद ते नंदुरबार… ६८० वर्षांपूर्वी मराठी मुलखातून गेलेला इब्न बतूता कोण होता?

निफाड-दिंडोरीची द्राक्षे आणि मालेगाव-सटाण्याचे डाळिंब ही आज नाशिकची ओळख आहे. या दोन्ही फळांची दख्खनमधली एक जुनी नोंद मोरोक्कोतल्या एका प्रवाशाच्या अरबी ग्रंथात सापडते. दौलताबादला द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि ती वर्षातून दोनदा काढली जातात, असे त्यात नमूद आहे. हा प्रवासी म्हणजे इब्न बतूता. दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघालेला इब्न बतूता १३४२ च्या सुमारास दौलताबादहून नंदुरबारला आला आणि पुढे खंबायतच्या बंदराकडे गेला. त्याच्या ग्रंथात नाशिक शहराचे नाव नाही. मात्र आजच्या नाशिक महसूल विभागातले नंदुरबार आणि तिथले मराठे यांचे वर्णन आहे. परदेशी प्रवाशाने मराठ्यांचा नावानिशी केलेल्या सुरुवातीच्या उल्लेखांपैकी हा एक आहे.

इब्न बतूता कोण होता?

इब्न बतूताचा जन्म फेब्रुवारी १३०४ मध्ये मोरोक्कोतल्या तांजिएर या बंदरात झाला. घराणे बर्बर वंशाचे आणि काझींचे, म्हणजे इस्लामी कायद्यानुसार न्यायनिवाडा करणाऱ्यांचे. त्यानेही तेच शिक्षण घेतले. जून १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो हजसाठी एकटाच घराबाहेर पडला. आईवडील दोघेही तेव्हा हयात होते. मार्को पोलोचा मृत्यू त्याच्या आदल्याच वर्षी झाला होता.

मक्केची यात्रा करून दोन-तीन वर्षांत परतावे, असा त्या काळचा रिवाज होता. इब्न बतूता परतला तो २४ वर्षांनी. इजिप्त, सीरिया, इराक, इराण, पूर्व आफ्रिकेतली मोगादिशू-किल्वा ही बंदरे, तुर्कस्तान, कॉन्स्टँटिनोपल आणि मध्य आशिया असे फिरत १२ सप्टेंबर १३३३ रोजी तो सिंधू नदीच्या काठी पोहोचला. त्याच्या एकूण प्रवासाची लांबी साधारण १ लाख १७ हजार किलोमीटर सांगितली जाते.

एवढ्या प्रवासाचा खर्च कसा भागला?

अरबी भाषा आणि इस्लामी कायद्याचे ज्ञान हे त्याचे भांडवल होते. मोरोक्कोपासून चीनच्या किनाऱ्यापर्यंत मुस्लीम व्यापाऱ्यांच्या वसाहती होत्या. प्रत्येक ठिकाणी मशीद, मदरसा, सुफींचा मठ असे आणि विद्वान पाहुण्याची तिथे जेवणाची व राहण्याची सोय होई. राजेरजवाडे वस्त्रे, घोडे आणि रोख रक्कम देत. त्या बदल्यात त्यांच्या दातृत्वाची कीर्ती दूरवर पोहोचे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही त्याच्या ग्रंथात स्पष्ट दिसते. त्याच्या काफिल्यात गुलाम आणि दासी असत. तो त्यांची खरेदी-विक्री करी, त्यांना भेट म्हणून देई आणि घेई. याबद्दल त्याला कुठेही संकोच वाटलेला दिसत नाही. ठिकठिकाणी त्याने लग्ने केली आणि पुढे निघताना घटस्फोट दिले.

दिल्लीत त्याचे काय झाले?

दिल्लीच्या गादीवर तेव्हा महंमद बिन तुघलक होता. स्थानिक सरदारांवर विश्वास नसल्याने परदेशी विद्वानांना मोठी पदे देण्याचे त्याचे धोरण होते. इब्न बतूताला दिल्लीचा काझी नेमण्यात आले. वार्षिक वेतन १२ हजार दिनार ठरले. त्याला इथली भाषा येत नव्हती आणि दिल्लीत चालणारा हनफी कायदा त्याच्या मालिकी पंथापेक्षा वेगळा होता. त्यामुळे कामासाठी दोन दुय्यम नेमून देण्यात आले.

पगार मोठा, पण खर्च त्याहून मोठा. सुलतानाला नजराणा द्यायचा, तर आधी सावकाराकडून उचल करावी लागे. असे करत त्याच्यावर ५५ हजार दिनारांचे कर्ज झाले. ते अखेर सुलतानानेच फेडले.

खरे संकट पुढे आले. शेख शिहाबुद्दीन नावाच्या एका साधुपुरुषावर सुलतानाची मर्जी खप्पा झाली आणि त्याला ठार मारण्यात आले. इब्न बतूता या शेखला भेटायला गेला होता. तेवढ्यावरून त्याच्याभोवती पहारा बसला. अशा पहाऱ्यानंतर माणूस क्वचितच वाचतो, हे तो दरबारात पाहत आला होता. त्याने उपास धरले, कुराणाचे पठण केले. सुटका झाल्यावर जवळचे सारे वाटून टाकून तो एका फकिराच्या सेवेत राहिला. काही महिन्यांनी सुलतानाने त्याला बोलावून घेतले आणि चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून जाण्यास सांगितले. जिवावर बेतलेल्या दरबारातून बाहेर पडण्याचा मार्ग सुलतानाकडूनच मिळत होता. त्याने तो लगेच स्वीकारला.

मराठी मुलखाशी त्याचा संबंध कसा आला?

दिल्लीहून निघालेल्या या काफिल्यात भेटीदाखल १०० घोडे, १०० गुलाम, १०० नर्तकी आणि मौल्यवान वस्त्रे होती. सुरुवातच वाईट झाली. आजच्या अलीगढजवळ चकमक झाली, इब्न बतूता साथीदारांपासून तुटला, पकडला गेला आणि कसाबसा सुटून कित्येक दिवस उपाशीपोटी भटकला. त्यानंतर ग्वाल्हेर, चंदेरी, धार, उज्जैन असा मार्ग काढत काफिला दौलताबादला आला.

दिल्ली-दौलताबाद हे अंतर ४० दिवसांचे होते. दोन्ही बाजूंना झाडे असल्याने हा रस्ता बागेतून चालल्यासारखा वाटतो आणि दर मैलाला डाकेच्या चौक्या आहेत, असे तो सांगतो. या रस्त्यामागे १३२७ च्या सुमारास तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवण्याचा केलेला खटाटोप होता. यादवांचे राज्य १३१८ मध्ये हरपालदेवाच्या वधानंतर पुरते संपले होते. म्हणजे इब्न बतूता आला तेव्हा यादवांचा काळ पाहिलेली माणसे या मुलखात हयात असणार. दौलताबादचा कारभार सुलतानाचा गुरू कुतलुग खान याच्याकडे होता.

दौलताबादला त्याने काय पाहिले?

एकाच खडकावर उभा असलेला किल्ला, वर चढण्यासाठी लावलेली आणि रात्री ओढून घेतली जाणारी चामड्याची शिडी, आणि मांजरीही घाबरतील एवढ्या मोठ्या उंदरांनी भरलेली अंधारकोठडी. उंदरांची ही हकिकत त्याला त्या कोठडीत कैद भोगलेल्या मलिक खत्ताब या सरदाराने सांगितली. हिऱ्या-माणकांचा व्यापार करणारे श्रीमंत हिंदू व्यापारी त्याने पाहिले. त्यांना साह म्हणतात, असे त्याने टिपले.

त्याला सर्वांत भावला तो गायक-वादकांचा बाजार, तरबाबाद. या बाजाराच्या मधोमध गालिचे अंथरलेली एक घुमटी होती. दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर गायकांचा प्रमुख तिथे बसे आणि एकामागून एक गाणारे येऊन आपली कला सादर करत. इथून जाणारे हिंदू राजे आणि काही मुस्लीम सुलतानही या घुमटीत थांबून गाणे ऐकत, असे तो लिहितो. घाईने वसवलेल्या आणि राजधानी म्हणून पुढे सोडून दिलेल्या शहरात गाण्याची पेठ मात्र भरलेली होती.

नंदुरबारबद्दल तो काय सांगतो?

दौलताबादहून नंदुरबारला जायचे तर सातमाळा-अजिंठ्याची रांग ओलांडून खानदेशात उतरावे लागते. इब्न बतूता नंदुरबारला नजरबार म्हणतो. छोटे गाव, मराठ्यांची वस्ती, हस्तकलेत तरबेज लोक, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषीही आहेत, असे त्याचे वर्णन आहे. मराठ्यांमधले प्रतिष्ठित लोक ब्राह्मण आणि क्षत्रिय आहेत. ते भात, भाज्या आणि तिळाचे तेल खातात. प्राण्याला इजा करणे त्यांना आवडत नाही. जेवणापूर्वी ते अंघोळ करतात. सात पिढ्यांच्या आतले नाते असेल तर लग्न करत नाहीत. दारू पिणे हा ते मोठा दोष मानतात.

या नोंदी वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. पहिली म्हणजे हे वर्णन गावातल्या वरच्या थराचे आहे. आज नंदुरबार हा आदिवासीबहुल जिल्हा आहे. सातपुड्याच्या कुशीतले भिल्ल, पावरा यांना या चित्रात जागा नाही. दुसरी म्हणजे सात पिढ्यांचा नियम धर्मशास्त्रात असला, तरी मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत रूढ आहे. नियम सांगणाऱ्याने नियम सांगितला आणि वाटसरूने तो लिहून घेतला, असे इथे घडलेले दिसते. पाहुणा परका, भाषा वेगळी आणि मुक्काम थोडा. अशा वेळी दुभाषा आणि यजमान जे सांगतील तेच हाती लागते.

नंदुरबारनंतर तो सागर नावाच्या गावी गेला. अभ्यासक हे गाव म्हणजे गुजरातमधले सोनगड मानतात. तिथल्या आंबा, केळी आणि उसाच्या बागांची त्याने वाखाणणी केली आहे. पुढे खंबायत, तिथून जवळच्या गंधार बंदरात जहाज आणि मग गोव्यामार्गे कालिकत.

चीनची मोहीम यशस्वी झाली का?

नाही. कालिकतच्या किनाऱ्यावर वादळ झाले आणि भेटवस्तूंचे मोठे जहाज फुटले. त्यावरची माणसे बुडाली. इब्न बतूता नमाजासाठी किनाऱ्यावर थांबल्यामुळे वाचला. त्याचे सामान आणि माणसे असलेले दुसरे जहाज त्याला न घेताच निघून गेले. त्या जहाजावर त्याच्यापासून गरोदर असलेली एक दासी होती. ती वारल्याचे त्याला नंतर कळले.

भेटी गेल्या, माणसे गेली आणि आपण तेवढे वाचलो, हे तुघलकाला कसे सांगायचे? दिल्लीला परतण्याचे धाडस त्याने केले नाही. होनावरच्या सुलतानाबरोबर तो गोव्यावरच्या स्वारीत सामील झाला. मालदीवमध्ये काझी झाला. श्रीलंका, मदुराई, बंगाल, सुमात्रा असा फिरत अखेर स्वतःच्या बळावर चीनला गेला. त्याने सोडलेल्या दख्खनमध्ये तोवर बंड पेटले होते. १३४७ मध्ये दौलताबादलाच बहमनी राज्याची स्थापना झाली.

घरी परतल्यावर काय झाले?

परतीच्या वाटेवर, १३४८ मध्ये तो सीरियात होता. प्लेगची महासाथ तेव्हा तिथे शहरेच्या शहरे रिकामी करत होती. वडील १५ वर्षांपूर्वीच वारल्याचे त्याला दमास्कसमध्ये कळले. १३४९ मध्ये तो मोरोक्कोला पोहोचला, तेव्हा आईही प्लेगने गेली होती. तांजिएरला जाऊन तिच्या कबरीचे दर्शन घेणे एवढेच त्याच्या हाती उरले.

त्यानंतरही तो थांबला नाही. आधी स्पेनमधले ग्रानाडा आणि १३५२ मध्ये सहारा ओलांडून मालीचे राज्य त्याने पाहिले. अखेर मोरोक्कोच्या सुलतानाच्या आज्ञेवरून फेस शहरात त्याने आपल्या आठवणी इब्न जुझय या लेखकाला सांगितल्या. डिसेंबर १३५५ मध्ये ग्रंथ पूर्ण झाला. रिहला या नावाने तो ओळखला जातो. पुढचे आयुष्य इब्न बतूताने काझी म्हणून काढले. १३६८-६९ च्या सुमारास त्याचा मृत्यू झाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा?

ग्रंथ बहुतांशी आठवणीवर उभा आहे. तारखांचा मेळ अनेक ठिकाणी बसत नाही. मक्का, दमास्कस यांची काही वर्णने इब्न जुबैर या आधीच्या प्रवाशाच्या ग्रंथातून घेतलेली आहेत. रशियातल्या बुल्गार शहराचा प्रवास त्याने केलाच नसावा, असे मानले जाते. चीनच्या वर्णनाबद्दलही शंका आहेत. दिल्लीहून दौलताबादला फरफटत नेलेल्या आंधळ्याचा केवळ पायच पोहोचला, ही तुघलकाची प्रसिद्ध कथा ऐकीव आहे, कारण राजधानी हलली तेव्हा इब्न बतूता भारतात नव्हता.

भारताबद्दलचा भाग मात्र इतिहासकारांना मोलाचा वाटतो. दरबारी बखरकार सुलतानाच्या राज्यात राहून लिहीत होते. इब्न बतूता तुघलकाच्या हाताबाहेर, हजारो कोस दूर बसून बोलत होता. त्यामुळे सुलतानाचे दातृत्व आणि क्रौर्य दोन्ही त्याने सांगितले. रिहला युरोपीय अभ्यासकांच्या हाती आला १९ व्या शतकात. १८५३ ते १८५८ या काळात पॅरिसमधून त्याची अरबी संहिता फ्रेंच अनुवादासह छापली गेली आणि मग तो जगभर वाचला जाऊ लागला.

मराठी मुलखासाठी या ग्रंथाचे महत्त्व वेगळे आहे. यादव बुडाले होते, बहमनी अजून उभे राहायचे होते. मधल्या त्या तीन दशकांतल्या साध्या जगण्याच्या नोंदी फार थोड्या आहेत. दौलताबादच्या गाण्याचा गुरुवार, नंदुरबारचे वैद्य, जेवणातला भात आणि तिळाचे तेल, वर्षातून दोनदा निघणारी द्राक्षे-डाळिंबे हे सारे एका वाटसरूच्या आठवणीत राहिले आणि म्हणून आज वाचायला मिळते.