दोनदा पालटलेले मन



पापनिवेदनाला येताना आपण बहुधा केलेल्या चुका आठवून येतो. खोटे बोललो, रागावलो, रविवारची मिस्सा चुकवली. पण आपण माणसांकडे ज्या नजरेने पाहतो ती नजरच चुकीची असली तर? ती आपल्या आठवणीत येत नाही, कारण ती आपल्याला पाप वाटतच नाही. शुभवर्तमानात पश्चात्तापासाठी आलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र मन पालटणे असाच आहे. या रविवारी आपण अशा एका धर्मगुरूंची ओळख करून घेऊ या, ज्यांना आपले मन दोनदा पालटावे लागले.

बार्तोलोमे दे लास कासास यांचा जन्म १४८४ साली स्पेनमधील सेव्हिल शहरात झाला. त्यांचे वडील १४९३ मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत गेले होते. परत येताना त्यांनी तेथील एक तरुण आणला आणि तो आपल्या मुलाला सेवेसाठी भेट दिला. माणूस भेट देता येतो, हे बार्तोलोमे घरातच शिकले. राणी इझाबेलाच्या हुकुमामुळे १५०० साली त्या तरुणाला परत पाठवावे लागले, पण शिकलेला धडा मनात राहिला.

१५०२ मध्ये बार्तोलोमे स्वतः समुद्रापार हिस्पानिओला बेटावर गेले. तेथे वसाहतवाल्यांना जमिनीबरोबर तेथील मूळ रहिवासीही वाटून दिले जात. त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा आणि त्या बदल्यात त्यांच्याकडून काम घ्यायचे, अशी ती पद्धत होती. प्रत्यक्षात शेतांत आणि सोन्याच्या खाणींत राबून ते लोक मरत होते. बार्तोलोमे यांनाही असे लोक मिळाले. पुढे ते धर्मगुरू झाले, तरी त्यांनी ते सोडले नाहीत.

१५११ च्या आगमनकाळात आंतोनियो दे मोंतेसिनोस या डॉमिनिकन धर्मगुरूंनी सांतो दोमिंगो येथे या जुलमाविरुद्ध प्रवचन केले. वसाहतीत खळबळ उडाली. बार्तोलोमे जागचे हलले नाहीत. त्याच काळात ते एका डॉमिनिकन धर्मगुरूकडे पापनिवेदनाला गेले. माणसे ताब्यात ठेवणाऱ्याला पापक्षमा देता येत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी वाद घातला आणि तसेच परतले. ते दयाळू मालक होते, एवढे त्यांना पुरेसे वाटत होते.

१५१४ साली क्युबामध्ये पेन्टेकॉस्ट सणाचे प्रवचन तयार करताना त्यांनी सिराकच्या पुस्तकाचा ३४ वा अध्याय वाचला. गरिबांचे लुबाडून देवाला वाहिलेले अर्पण देव स्वीकारत नाही, अशी तेथे शिकवण आहे. आपण वेदीवर वाहतो ते कोणाच्या कष्टाचे, हा प्रश्न त्यांना टोचू लागला. काही दिवस त्यांनी विचार केला. मग गव्हर्नरकडे जाऊन आपल्या वाट्याचे लोक सोडून दिले आणि १५ ऑगस्ट रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, प्रवचनात हे जाहीर केले.

गोष्ट इथे संपली असती तर आपल्यालाही बरे वाटले असते. परंतु १५१६ मध्ये, मूळ रहिवाशांचे हाल थांबावेत म्हणून, त्यांच्याऐवजी गुलाम आणावेत, आफ्रिकनही चालतील, असा सल्ला त्यांनीच राजदरबाराला दिला. एका माणसाकडे पाहण्याची नजर बदलली होती, दुसऱ्याकडे पाहण्याची जुनीच होती. पोर्तुगीज लोक आफ्रिकेत माणसे कशी अन्यायाने पकडतात हे पुढे कळल्यावर त्यांनी आपली चूक स्वतःच्या इतिहासग्रंथात लिहून ठेवली. आपले अज्ञान देवापुढे सबब म्हणून चालेल की नाही, याची खात्री नसल्याचेही त्यांनी कबूल केले.

मधल्या काळात ते डॉमिनिकन संघात दाखल झाले आणि पुढे मेक्सिकोमधील चियापासचे बिशप झाले. १५४५ च्या उपवासकाळात त्यांनी आदेश दिला, की गुलाम न सोडणाऱ्यांना पापक्षमा देऊ नये. एकेकाळी जे दार त्यांच्यासाठी बंद झाले होते, ते आता त्यांनी इतरांसाठी बंद केले, कारण त्या नकारानेच आपल्याला वाचवले हे त्यांना ठाऊक होते. लोक जिवावर उठले. १५४७ मध्ये ते कायमचे स्पेनला परतले.

१५५० मध्ये वायादोलिद येथे सेपुल्वेदा या पंडिताशी त्यांचा वाद झाला. काही माणसे जन्मतःच गुलाम असतात, या अॅरिस्टॉटलच्या मताचा आधार सेपुल्वेदाने घेतला होता. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही अॅरिस्टॉटल आदराने वाचला. मोठ्या बुद्धीलाही जुन्या नजरेचे समर्थन करता येते, हे मात्र बार्तोलोमे यांच्या जीवनाने आम्हांला शिकवले. १५६६ साली माद्रिद येथे त्यांचे निधन झाले.

आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईचा कप आपण वेगळा ठेवतो का? परप्रांतीय मजुराला नावाने हाक मारतो का? सून आणि मुलगी यांना एकाच मापाने मोजतो का? आपण वाईट वागत नाही, एवढ्यावर समाधान मानू नये. बार्तोलोमे यांनाही तसेच वाटत होते. पुढच्या पापनिवेदनाआधी थोडा वेळ शांत बसू या आणि ज्याच्याकडे आपण अजून जुन्या नजरेने पाहतो, असे एक तरी माणूस पवित्र आत्म्याने आपल्याला दाखवावे, अशी प्रार्थना करू या.