केरोपंत छत्रे आणि सूर्यावरील डाग

लोकमान्य टिळकांचे चरित्र वाचणाऱ्या प्रत्येकास केरो लक्ष्मण छत्रे हे नाव एकदा तरी भेटते. डेक्कन कॉलेजात टिळकांना गणित शिकविणारे आणि त्या मानी विद्यार्थ्याची निरपवाद भक्ती संपादन करणारे ते गुरू, एवढी त्यांची ओळख बहुतेकांना पुरेशी वाटते. जुन्या पंचांगांची माहिती असणारी वडील मंडळी पटवर्धनी पंचांगाचे कर्ते म्हणूनही त्यांना ओळखतात. परंतु सूर्यबिंबावर दिसणारे काळे डाग आणि पृथ्वीवरील हवापाणी यांचा काही मेळ लागतो काय, या प्रश्नाचा नानांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला होता, ही गोष्ट आपल्या ज्ञातीतही फार थोड्यांच्या कानी आहे. पावसाची वाट पाहण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या त्या नगर जिल्ह्यातील, सावेडीच्या आपल्या वाचकांना हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. म्हणून प्रस्तुत लेखात नानांच्या चरित्राच्या याच अंगाकडे विशेष लक्ष दिले आहे.

नानांचा जन्म १६ मे १८२५ रोजी अलिबागेनजीक नागाव येथे झाला. मातापित्यांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे चुलत्यांच्या आश्रयाने ते मुंबईस आले. मराठी गद्याच्या पहाटेस ‘बाळमित्र’ लिहिणारे सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे हे याच घराण्यातले, तेव्हा विद्येचे वारे घरातच होते. एल्फिन्स्टन विद्यालयात बाळशास्त्री जांभेकर आणि प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. ऑर्लिबार हे नुसते पढविणारे गृहस्थ नव्हते. कुलाब्याच्या वेधशाळेची व्यवस्था त्यांच्याकडे होती. मुलाची गणितातील गती पाहून त्यांनी त्यास वेधशाळेच्या कामावर घेतले. मिसरूडही न फुटलेल्या वयात सुरू झालेली ही चाकरी सुमारे दहा वर्षे चालली.

त्या चाकरीचे स्वरूप समजून घेतल्याखेरीज नानांची पुढील दृष्टी उलगडत नाही. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केली. मूळ हेतू जहाजांना अचूक वेळ पुरविण्याचा होता. पुढे १८४१ पासून तेथे चुंबकसूचीची निरीक्षणे सुरू झाली. जगाच्या निरनिराळ्या भागांत एकाच पद्धतीने सुई वाचून तिचे चलन टिपण्याची मोठी मोहीम त्या काळी युरोपातील शास्त्रज्ञांनी उभारली होती आणि कुलाबा हे तिचे एक ठाणे होते. टांगलेली सुई वरवर पाहता निश्चल भासते. प्रत्यक्षात ती दिवसभरात अगदी थोडी, पण ठरावीक रीतीने सरकते आणि एखादे दिवशी काही कारण न दिसता पिसाटल्यासारखी हेलकावे खाऊ लागते. रात्र असो वा दिवस, ठरल्या वेळी उठून सुई वाचावी, आकडा वहीत मांडावा आणि पुढल्या वेळेची वाट पाहावी, असे हे काम. यात वाहवा नाही की रंजन नाही. आजच्या तरुणांना हे शिक्षेसारखे वाटेल. पण जे डोळ्यांनी पाहिले नाही ते लिहावयाचे नाही, आणि पाहिले ते टाळावयाचे नाही, हे वळण अशा कामातूनच अंगी भिनते.

सुई का बिथरते, हे कुलाब्यात कोणाला माहीत नव्हते. त्याचा उलगडा दूर जर्मनीत होत होता, आणि तोही एका हौशी माणसाच्या घरगुती दुर्बिणीतून. देसाऊ गावचे औषधविक्रेते श्वाबे हे १८२६ पासून आकाश निरभ्र असेल त्या प्रत्येक दिवशी सूर्याचे डाग मोजून लिहून ठेवीत. बुधाच्याही आत एखादा ग्रह फिरत असेल तर तो सूर्यबिंबावरून जाताना सापडावा, ही त्यांची आशा. ग्रह काही सापडला नाही. पण सतरा वर्षांच्या वह्या चाळल्यावर, डागांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या फेऱ्याने वाढते व घटते असे त्यांना आढळले आणि १८४३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. हा फेरा सरासरी अकरा वर्षांचा असल्याचे पुढे निश्चित झाले. १८५२ मध्ये सेबाइन या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखविले की चुंबकसूचीची वादळेही याच फेऱ्याने वाढतात नि ओसरतात. नाना कुलाब्याची सुई वाचीत होते ती एका अर्थी सूर्याचीच नाडी होती!

या नात्याचा सर्वांत विलक्षण पुरावा पुढे कुलाब्यासच मिळाला. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडातील रेडहिल येथे कॅरिंग्टन नावाचा दारूभट्टीवाल्याचा मुलगा स्वतःच्या खाजगी वेधशाळेत, दुर्बिणीतून पडद्यावर पाडलेल्या सूर्यबिंबाचे चित्र काढीत होता. अकस्मात एका डागसमूहावर दोन लखलखीत ठिणग्या उमटल्या आणि पाचएक मिनिटांत विझल्या. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ कोसळले. कुलाब्याच्या वहीत त्याची जी नोंद आहे, तिच्याच आधारे त्या वादळाची तीव्रता आजचे शास्त्रज्ञ अजमावतात. तत्पूर्वी आठ वर्षे नाना पुण्यास गेलेले होते. ती नोंद दुसऱ्यांच्या हातची. पण ज्या शिस्तीत ती झाली ती शिस्त बसविणाऱ्यांत नानांचे हात होते.

पुण्यास १८५१ साली आल्यापासून नानांचा जन्म अध्यापनात गेला. तेथील कॉलेज, शिक्षक तयार करणारी शाळा आणि अखेरीस डेक्कन कॉलेज अशा क्रमाने त्यांनी गणित व सृष्टिशास्त्र शिकविले. काही काळ मुख्याध्यापकाची जागाही हंगामी सांभाळली. अंकगणित आणि पदार्थविज्ञान यांवर मुलांसाठी मराठीत पुस्तके लिहिली.

पंचांगाचा विषय मात्र एवढ्यावर आटोपणारा नाही. आपल्याकडे ग्रहगणित चाले ते गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावरून. हा ग्रंथ शके १४४२ मधला. तीनशेहून अधिक वर्षांत त्यातील सूक्ष्म चुका साचत गेल्या होत्या. पंचांगात लिहिल्या वेळी ग्रहण लागेना, सांगितल्या ठिकाणी ग्रह दिसेना. युरोपीय ग्रंथांच्या साहाय्याने नानांनी ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ हा ग्रंथ १८६० साली सिद्ध केला आणि आबासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने शके १७८७, म्हणजे १८६५ पासून नवे पंचांग सुरू केले. त्यात रेवती नक्षत्रातील एक बारीक तारा आरंभस्थान धरल्यामुळे प्रचलित पंचांगाशी सुमारे चार अंशांचे अंतर पडले. याचा अर्थ संक्रांत चार दिवस अलीकडे येणार. एखादे वर्षी अधिकमास वेगळा पडून सणवार महिनाभर मागेपुढे होणार! एकादशी कोणती खरी, श्राद्धतिथी कोणती खरी, हा घरातील देवघरापर्यंत पोचणारा प्रश्न होता. नानांच्या पंचांगाला थोड्याच घरांनी जवळ केले, यात नवल नाही. तथापि त्यांच्या शिष्याने हा रेवतीपक्ष पुढे उचलून धरला आणि आजही टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत संक्रांत दहा जानेवारीच्या सुमारास साजरी होते.

गणित आकाशाशी ताडून पाहावे हा आग्रह धरणाऱ्याचे लक्ष सूर्यावरील डागांकडे वळावे हे ओघानेच आले. त्यातून १८७६ साल उजाडले. त्या वर्षी दख्खनेत पावसाने दगा दिला आणि दोन वर्षे पुरणारा दुष्काळ पडला. आपला नगर जिल्हा त्यात होरपळून निघाला. १८७८ साली खुली झालेली दौंड-मनमाड रेल्वे आपल्या गावावरून जाते. तिच्या मातीकामावर दुष्काळी मजुरांनी पोटासाठी टोपल्या वाहिल्या आहेत. सावेडी तेव्हा शहराबाहेरचे लहानसे खेडे होते. अशा वेळी १८७७ मध्ये हंटर आणि लॉकियर या इंग्रज पंडितांनी असे मत मांडले की सूर्यावरील डाग कमी होतात तेव्हा दक्षिण हिंदुस्थानात पाऊस उणावतो आणि दुष्काळ येतात. डाग तर त्या वर्षांत खरोखरच विरळ झाले होते. हे अनुमान बरोबर ठरते तर दुष्काळाची सूचना कित्येक वर्षे आधी मिळून धान्याचा साठा करता आला असता आणि लाखो जीव वाचले असते. सूर्याचे डाग व हवा यांवर नानांनी जे परिश्रम घेतले, त्यांच्या पाठीशी असा जिवंत प्रश्न उभा होता. ती निव्वळ हौस नव्हती.

हे निरीक्षण करावयास राजवाड्याएवढी वेधशाळा लागत नाही. सावेडीत एखाद्याच्या गच्चीवर दोन-अडीच इंची भिंगाची दुर्बीण असेल तर तीही पुरते. दुर्बिणीतून सूर्याकडे डोळा लावून मात्र चुकूनही पाहू नये. क्षणार्धात दृष्टी जाते. नेत्रिकेमागे वीतभर अंतरावर पांढरा कागद धरावा, म्हणजे सूर्यबिंब त्यावर उमटते. डागांचा मध्य गडद आणि कडेची पट्टी फिकट दिसते. रोज एकाच वेळी कागदावर वर्तुळ काढून डाग टिपले, तर तेरा-चौदा दिवसांत एक डाग एका कडेकडून दुसऱ्या कडेला गेलेला आढळेल. सूर्य स्वतःभोवती फिरतो याची ही घरबसल्या साक्ष. भोवतालच्या पृष्ठाहून हे भाग सुमारे दोन हजार अंशांनी थंड असतात, म्हणून काळे भासतात. तेथे प्रबळ चुंबकत्व असते, हे अमेरिकेतील हेल यांनी १९०८ साली सिद्ध केले. दिवाळीनंतरच्या स्वच्छ आकाशात मुलांकडून असा उपक्रम अवश्य करवून घ्यावा. डागांचा अलीकडचा बहर २०२४ साली येऊन गेला असल्याने पुढील काही वर्षे बिंब हळूहळू रिते होत गेलेले त्यांना पाहावयास मिळेल.

नानांच्या प्रश्नाचे पुढे काय झाले? हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी १९१५ च्या सुमारास डाग व पाऊस यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. भाकिताला आधार होईल असा घट्ट संबंध त्यांना सापडला नाही. डागांच्या फेऱ्यात सूर्याचा एकूण प्रकाश हजारात एका भागाइतकाच बदलतो, असे आता मोजले गेले आहे. १८७७ सालच्या त्या आपत्तीचे मूळ प्रशांत महासागराच्या असाधारण तापण्यात होते, असे आजचे शास्त्र मानते. म्हणजे हंटर-लॉकियर यांचे अनुमान टिकले नाही. पण ते टिकले नाही हे कळण्यासाठीही वर्षानुवर्षांच्या वह्याच लागल्या, आणि तसल्या वह्या नेटाने भरणारी माणसे आपल्याकडे त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

सरकारने १८७७ मध्ये नानांना रावबहादुर ही पदवी दिली. १८७९ साली ते सेवानिवृत्त झाले. निवृत्तीचे सुख त्यांना पाचच वर्षे लाभले. १९ मार्च १८८४ रोजी त्यांचा देहान्त झाला. त्यांच्या पश्चात वीस वर्षांनी, मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावणार आणि त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याची सुई बिघडणार हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय निरीक्षणांचे ठाणे अन्यत्र हलविले. १९०४ साली ते जेथे उभे राहिले ते गाव अलिबाग. नानांचे नागाव तेथून अवघ्या दोन-तीन कोसांवर आहे. ती वेधशाळा आजही चालू असून तेथे सुईची नोंद अखंड होत असते.