मुंबईचे गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजाचें नांव आमच्या बहुतेक वाचकांनीं ऐकलें असेल. परंतु ज्या पुरुषाच्या स्मरणार्थ तें स्थापन झालें त्याचें चरित्र फार थोड्यांस ठाऊक असतें. (२०१८ सालापर्यंत एल्फिन्स्टन रोड म्हणून ओळखलें जाणारें स्टेशन मात्र ह्यांच्या नांवाचें नव्हे, ह्यांचे पुतणे लॉर्ड एल्फिन्स्टन हेही पुढें मुंबईचे गव्हर्नर झाले, त्यांच्या नांवाचें तें होतें.)

मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यांचा जन्म १७७९ सालीं स्कॉटलंडांतील एका सरदार घराण्यांत झाला. १७९६ सालीं कंपनी सरकारच्या नोकरींत ते कलकत्त्यास उतरले, तेव्हां त्यांचें वय अवघें सोळा वर्षांचें होतें. शाळा लवकर सुटली, पण विद्याव्यासंग सुटला नाहीं. १८०३ सालीं असईच्या रणांगणावर ते जनरल वेलस्ली ह्यांच्याबरोबर होते. पुढें नागपूरची रेसिडेन्सी व काबूलच्या शहाकडील वकिली आटोपून १८११ सालीं ते पुण्यास रेसिडेंट म्हणून आले. ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली. त्या दिवशीं संगमावरील त्यांचा बंगला पेशव्यांच्या लोकांनीं जाळला व त्यांचा ग्रंथसंग्रह भस्मसात् झाला.

पेशवाई बुडाल्यावर जिंकलेल्या मुलखाची सर्व सत्ता कमिशनर ह्या नात्यानें त्यांच्या एकट्याच्या हातीं आली. इनामें, वतनें, गांवपंचायती हें सर्व होतां होईल तों जसेंच्या तसें चालवावें, हें त्यांचें धोरण होतें. परंतु ह्याच काळांतील एक गोष्ट आम्हांस झांकून ठेववत नाहीं. पुणें व सातारा येथील इंग्रजांस मारण्याचा कट उघडकीस आला, तेव्हां त्याच्या म्होरक्यांस साहेबांनीं तोफेच्या तोंडीं दिलें. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर नेपियन ह्यांस हें कृत्य मान्य होतें. तरी त्याबद्दल कायद्याचें संरक्षण मागून घ्यावें, असें त्यांनीं सुचविलें. आपलें कृत्य योग्य असेल तर संरक्षण नको, अयोग्य असेल तर शिक्षाच व्हावी, अशा आशयाचें उत्तर देऊन एल्फिन्स्टन ह्यांनीं ती सूचना नाकारली. उत्तर बाणेदार खरें. तथापि एका माणसाच्या विवेकावांचून ज्या सत्तेस दुसरें बंधन नाहीं, ती किती भयंकर असते हेंही त्यावरून दिसतें.

१८१९ सालीं ते स्वतः मुंबईचे गव्हर्नर झाले. आजचा राज्यपाल सामान्यतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें चालतो. त्या काळीं मंत्रीही नव्हते व विधिमंडळही नव्हतें. लंडनचे डायरेक्टर ज्यास नेमतील तो गव्हर्नर आपल्या कौन्सिलासह कायदे करी व तेच अंमलांत आणी; प्रसंगीं कौन्सिलाचें मत बाजूस सारण्याचीही त्यास मुभा असे. अशा पदावर बसून साहेबांनीं राज्यकारभार लेखी नियमांनीं बांधून टाकण्याचें काम हातीं घेतलें. विखुरलेले जुने कायदे एकत्र करून व सुधारून १८२७ सालीं जी संहिता प्रसिद्ध झाली, तीच एल्फिन्स्टन कोड होय. दक्षिणेंतील जातीजातींच्या चालीरीतींचा स्टीलसाहेबांनीं केलेला संग्रहही त्याच सालचा. पंचायतींकडून न्याय करविण्याचा बेत मात्र फळास आला नाहीं.

विद्यादानाकडे त्यांचा ओढा विशेष होता. पेशवे श्रावणमासीं जी दक्षिणा वांटीत, तिच्यांतील कांहीं रक्कम काढून १८२१ सालीं पुण्यास विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडण्यांत आली. मराठी शालोपयोगी पुस्तकें छापण्यासही त्यांनीं उत्तेजन दिलें. शिकलेली प्रजा एक दिवस आपल्यास स्वदेशीं परत पाठवील हें ते जाणून होते, असें सांगतात. तरी तें काम त्यांनीं सोडलें नाहीं. आम्हांस त्यांचा मोठेपणा दिसतो तो ह्यांतच.

१८२७ सालीं ते स्वदेशीं निघाले, तेव्हां लोकांनीं दोन लाखांवर रुपये वर्गणी जमवून त्यांच्या नांवानें प्राध्यापक नेमण्याचें ठरविलें. त्या संस्थेंतच दादाभाई नौरोजी शिकले व पुढें गणिताचे प्राध्यापक झाले. इकडे साहेबांनीं गव्हर्नर-जनरलचें पद देऊं केलें असतांही स्वीकारलें नाहीं. १८४१ सालीं हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला आणि ता. २० नोव्हेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत सरे परगण्यांत देह ठेविला. तत्पूर्वींच कंपनी सरकारचें राज्य संपलें होतें. त्यांच्या संहितेंतील फौजदारी कायदा मात्र १८६२ सालीं नवें पीनल कोड लागू होईपर्यंत मुंबई इलाख्यांत चालू राहिला.