मादाम क्युरी

मादाम क्युरी यांचे पाळण्यातले नाव मारिया. घरात त्यांना मान्या म्हणायचे. त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी पोलंड देशात वॉर्सा या शहरी झाला. तेव्हा तिथे रशियाचे राज्य होते. वडील शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवायचे.

भित्तिपत्रकासाठी मी हेच चरित्र का निवडले ते आधी सांगते. मागच्या वर्षी आमच्या आबांच्या नाकाच्या कडेला फोड आला होता. खपली धरायची, निघायची, रक्त यायचे, पण बरा काही होईना. तालुक्याच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. तो कातडीचा कॅन्सर निघाला. कापून काढता आला असता, पण जागा डोळ्याजवळची आणि आबांचे वय झालेले. म्हणून मोठ्या दवाखान्यात किरण द्यायचे ठरले. आमच्याकडे त्याला लाईट देणे म्हणतात. चार आठवडे आबा शहरात आत्याकडे राहिले. सोमवार ते शुक्रवार रोज थोडे थोडे किरण, शनिवार-रविवार सुट्टी. आपल्या शाळेपेक्षा बरे.

आबा परत आले तेव्हा नाक लालभडक होते. गावात कुणी म्हणाले, हा रोग लागतो. कुणी म्हणाले, किरण अंगात राहतात, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. मी घाबरले. आबांच्या तांब्यातले पाणी मी प्यायचे नाही, आणि त्यांच्या अंथरुणात झोपायची ती आजीकडे झोपू लागले. आबा काही बोलले नाहीत.

मग गुरुजींनी मला मादाम क्युरींचे पुस्तक वाचायला दिले. त्यात लिहिले आहे की मान्याच्या आईला क्षयरोग होता. आई आपली ताटवाटी वेगळी ठेवायची, मुलांचे मुके घ्यायची नाही. मान्या माझ्याएवढी, दहा वर्षांची असताना आई वारली. क्षय लागट रोग आहे. मी गुरुजींना विचारले, आबांचा पण तसाच का? ते म्हणाले, अजिबात नाही. कॅन्सर जवळ बसून लागत नाही, आणि यंत्र बंद केले की किरण संपले, दिवा मालवल्यावर उजेड संपतो तसे. त्या दिवशी मी घरी जाऊन आबांच्याच तांब्याने पाणी प्यायले.

आता मान्याची शाळा. तिथे पोलिश भाषेत शिकवायला बंदी होती. बाई चोरून शिकवायच्या. रशियन साहेब तपासणीला आला की पुस्तके लपवायची आणि मान्याला उभे करायचे, कारण तिला रशियन फार छान यायचे. पण मुलींना तिथल्या विद्यापीठात प्रवेश नव्हता. मग मान्या दुसऱ्यांच्या घरी मुलांना शिकवायची नोकरी करू लागली. त्या पैशातून तिने थोरल्या बहिणीला पॅरिसला डॉक्टरकी शिकवली. १८९१ मध्ये स्वतः पॅरिसला गेली. माळ्यावरची खोली, लई थंडी. तरी १८९३ ला पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत पहिली आली.

१८९५ मध्ये पिएर क्युरी यांच्याशी लग्न झाले. १८९८ मध्ये दोघांनी पोलोनियम आणि रेडियम ही दोन मूलद्रव्ये शोधली. पण रेडियम डोळ्यांना दाखवायचे तर ते दगडमातीतून काढायला पाहिजे. त्यासाठी गळक्या छपरीत त्या खनिजाचा काढा उकळायच्या आणि जवळजवळ स्वतःएवढ्या लोखंडी दांड्याने ढवळायच्या. आमच्या गुऱ्हाळात काहिलीत रस ढवळतात ना, तसेच. टनावारी माती आटवून १९०२ साली रेडियमचे क्षार निघाले फक्त एक दशांश ग्रॅम. म्हणजे सोनाराकडच्या एका गुंजेपेक्षाही कमी. रात्री ते निळसर चमकायचे. दोघे मुद्दाम बघायला जायचे.

रेडियमने कातडी भाजते हे तेव्हाच कळले. पिएर यांनी मुद्दाम आपल्या दंडावर लावून बघितले, तर जखम झाली, ती कित्येक आठवडे भरली नाही. डॉक्टरांना वाटले, चांगली कातडी जळते तर रोगट पण जळेल. १९०३ साली सेंट पीटर्सबर्गला दोन रोग्यांच्या तोंडावरचा कातडीचा कॅन्सर रेडियमने बरा केला. हे वाचताना मी आबांना हाक मारून बोलावले. आता रेडियम वापरत नाहीत. किरण यंत्रातून मोजून देतात.

रेडियम काढायची रीत क्युरी पतिपत्नींनी कुणापासून लपवली नाही, पेटंट घेतले नाही. आबांना हे पटले नाही. घरात दोन मुली असताना थोडे पैसे घ्यायला काय हरकत होती, असे ते म्हणाले.

१९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, १९११ मध्ये पुन्हा मिळाले. मधे १९०६ साली पिएर घोडागाडीखाली सापडून गेले. मादाम क्युरी त्यांच्या जागी कॉलेजात शिकवू लागल्या. पहिल्या महायुद्धात त्यांनी मोटारीत एक्स-रे यंत्र बसवले आणि मुलगी ईरेनला घेऊन जखमी सैनिकांपर्यंत गेल्या.

पण मोजमाप न करता किती वर्षे त्या किरणांत राहिल्या! शेवटी अंगात रक्त तयार होईना. ४ जुलै १९३४ रोजी त्या वारल्या. त्यांच्या वह्यांतून अजून किरण निघतात, म्हणून पॅरिसला त्या शिशाच्या पेट्यांत ठेवल्या आहेत.

आबांच्या नाकावर आता फक्त पांढरा डाग आहे. डॉक्टरांनी उन्हात टोपी घालायला सांगितली आहे, आणि दर काही महिन्यांनी दाखवायला जातात.

बाजूचे चित्र मी काढले आहे. छपरी आमच्या गुऱ्हाळासारखी झाली, कारण पॅरिसची मी बघितलेली नाही.

— इयत्ता चौथी