अपुऱ्या दिवसांचा विन्स्टन

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर माणसाचे चरित्र लिहायचे ठरले तेव्हा मी चर्चिलचे नाव सांगितले. दोघीतिघींनी नाके मुरडली. बरोबरच आहे. आपल्या स्वातंत्र्याला त्याने विरोध केला, आणि १९४३ साली बंगालात दुष्काळाने लाखो माणसे मेली तेव्हा विलायतेचा पंतप्रधान तोच होता. त्याची आरती ओवाळायला मी बसलेले नाही. पण माझा धाकटा आठव्या महिन्यात झाला, पावणेदोन किलोचा. तेव्हापासून अपुऱ्या दिवसांच्या मुलाची गोष्ट दिसली की मी सोडत नाही. इंग्रजीतले मोठ्या मुलीने वाचून सांगितले.

विन्स्टन जन्मला ३० नोव्हेंबर १८७४ रोजी, ब्लेनहाइमच्या राजवाड्यात. आईबापांचे लग्न त्याच वर्षी १५ एप्रिलला पॅरिसला लागले होते. म्हणजे साडेसात महिने! मूल लवकर झाले असे घरच्यांनी सांगितले. काही इतिहासकार मात्र बोटे मोजून हसतात. बोटे मोजणारे सगळीकडे सारखेच. मी आपली घरच्यांचे खरे धरून चालते.

आई समारंभांत, वडील राजकारणात. मुलाला वाढवले ते एव्हरेस्टबाई नावाच्या आयाने. प्रकृती नाजूक म्हणून त्याला ब्रायटन गावी समुद्रकाठच्या शाळेत घातले. तिथेच मार्च १८८६ मध्ये, अकराव्या वर्षी, त्याला न्यूमोनिया झाला. ताप १०४ च्या वर. पेनिसिलिन तेव्हा कुठले? डॉक्टर रूझ रात्रभर शेजारच्या खोलीत जागत राहिले. ताप उतरल्यावरही पोराला उत्तेजन नको म्हणून आयाला लगेच भेटू दिले नाही. तिच्या जिवाचे काय झाले असेल ते मी जाणते, कारण गेल्या पावसाळ्यात माझा मुलगाही अकरा वर्षांचाच होता आणि चार दिवस इस्पितळात होता.

त्याआधी एका दवाखान्यात दरवेळी नुसते खोकल्याचे औषध मिळे. जन्म कितव्या महिन्यातला हे कुणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. पेटीतून घरी आला, संपले, असे मला वाटे. नव्या डॉक्टरीणबाईंनी समजावले की फुप्फुसांची बरीचशी तयारी पोटातल्या शेवटच्या आठवड्यांत होते, आणि हवेचे बारीक फुगे जन्मानंतरही कित्येक वर्षे तयार होत राहतात. लवकर जन्मलेल्यांना पहिल्या वर्षांत खोकला, घरघर जास्त होते. वाढीबरोबर पुष्कळांचे सुधारते, पण काहींचा श्वास मोठेपणीही थोडा कमीच भरतो. सासूबाई म्हणत, सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही. ते अगदी उलटे आहे. जितके दिवस पोटात जास्त, तितकी छाती तयार. लस चुकवू नका, धूर लागू देऊ नका, पण खेळ बंद करू नका, असे बाईंनी बजावले.

विन्स्टनचाही खेळ बंद झाला नाही. १८९२ साली तलवारबाजीत तो शाळाशाळांतून पहिला आला. १८९६ साली पलटणीबरोबर आपल्या मुंबईला आला आणि ससून डॉकवर उतरताना खांदाच निखळवून बसला. पुढे पोलो खेळला तो हात बांधून. त्याच्या आदल्याच वर्षी एव्हरेस्टबाई वारली होती. शेवटी तो तिच्याजवळ होता.

१९४३ साली, महायुद्ध चालू असताना, त्याला दोनदा न्यूमोनिया झाला, डिसेंबरात तर ट्युनिसजवळ परक्या मुलखात. पेनिसिलिनने वाचला असे लोक सांगतात. खरे तर सल्फाच्या गोळ्यांनी. सिगार मात्र सोडला नाही, आणि २४ जानेवारी १९६५ रोजी गेला तो ९० वर्षांचा होऊन.

हे ऐकून आमच्या ह्यांनी लगेच सिगारेटची बाजू घेतली. मी म्हटले, जे धुराने लवकर गेले त्यांची चरित्रे कोण लिहिणार? महिनाभर अबोला होता. दसऱ्यापासून घरात पाकीट आलेले नाही.

मुलगा आता पोहायला जातो. शाळेच्या तपासणी कार्डावर रकाना नव्हता, तरी कडेला मीच लिहून दिले आहे: जन्म आठव्या महिन्यात.