दुर्गा भागवतांच्या या बहिणीने बटाट्याच्या पेशीत ऊर्जेचा धागा शोधला होता

आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार म्हटलं की बटाटा आलाच. शेतातून काढला की बटाट्याचं जगणं संपलं, असं आपल्याला वाटतं. पण ढिगातही तो श्वास घेत असतो. ऑक्सिजन वापरून साठवलेल्या स्टार्चमधून ऊर्जा काढत असतो. हवा खेळती नसली की ढीग तापतो तो यामुळेच.

१९३० च्या दशकात केंब्रिजमध्ये बटाट्याच्या याच श्वासावर एका मराठी बाईने संशोधन केलं. त्या कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या बहीण.

त्यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही केमिस्ट, दोघंही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. त्यामुळे १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून बीएससी झाल्यावर कमलाबाईंनी तिथेच अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. त्यांनी नकार दिला. कारण एकच, उमेदवार मुलगी होती.

कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्यांनी रामन यांच्या ऑफिसबाहेर सत्याग्रह केला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष प्रोबेशनचं, गाईड सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचं आणि बाकीच्या विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही. त्यांनी श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं, १९३६ मध्ये एमएससी मिळवली. त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

तिथून त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन असतं, हे त्यांनी बटाट्यावर काम करताना दाखवलं. प्रबंध होता फक्त ४० पानांचा. १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली.

आता या प्रथिनाचं महत्त्व काय? पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यावर इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातात, विहिरीवरून घागरी हातोहात पुढे द्याव्यात तसे. त्या रांगेतला एक हात म्हणजे सायटोक्रोम सी. शेवटी इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला मिळतात.

पण यातून पेशीला वापरता येणारी ऊर्जा, म्हणजे एटीपी, कसं तयार होतं? १९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी उत्तर सुचवलं. डिंभे धरणाची भिंत डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला पाणी साठतं आणि वाट मिळाली की जोराने खाली येतं. तसेच इलेक्ट्रॉन पुढे सरकताना पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठतात आणि परत येताना एटीपी बनवणारं यंत्र फिरवतात.

अनेकांना हे पटेना. खऱ्या पेशीत हजारो गोष्टी एकाच वेळी चालू असतात, मग खात्री करायची कशी? म्हणून शास्त्रज्ञांनी स्निग्ध पदार्थांपासून कृत्रिम पडद्याच्या सूक्ष्म पिशव्या बनवल्या आणि त्यात हवी तेवढीच प्रथिनं बसवली. १९७२ मध्ये अमेरिकेत एफ्राइम रॅकर यांच्या गटाने अशा पिशवीत सायटोक्रोम सीकडून इलेक्ट्रॉन घेणारं एन्झाइम बसवून तपासलं. १९७४ मध्ये रॅकर आणि स्टोकेनियस यांनी सोयाबीनच्या स्निग्ध पदार्थाच्या पिशवीत जिवाणूचा प्रकाशावर चालणारा प्रोटॉन पंप आणि गायीच्या हृदयातलं एटीपी यंत्र एकत्र बसवलं. उजेड पाडला आणि एटीपी तयार झालं. दोन्ही प्रथिनांना जोडणारा दुवा फक्त प्रोटॉनचा होता. मिचेल यांना १९७८ मध्ये नोबेल मिळालं.

कमलाबाई मात्र १९३९ मध्येच भारतात परतल्या होत्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि १९४७ मध्ये माधव सोहोनी यांच्याशी लग्न झाल्यावर मुंबईची विज्ञान संस्था. इथे त्यांनी नीरा, डाळी आणि तांदळाच्या पिठाच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला, कारण कुपोषित मुलांना परवडेल असं अन्न हवं होतं. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या याच संस्थेच्या संचालक झाल्या. ग्राहक चळवळीतही उतरल्या, भेसळ कशी ओळखायची हे लोकांना सांगू लागल्या.

१९९८ मध्ये त्यांचं निधन झालं. दुर्गाबाईंचं नाव मराठी घराघरात माहीत आहे. कमलाबाईंचंही असायला हवं.